हेड्सअपला बाऊंटीचं गणित वेगळं असतं

मा. संपादक,

बाऊंटी पोकर टूर्नामेंटवर (ज्यात एखाद्याला बाद केलं की त्याच्या डोक्यावर लावलेलं बक्षीस मिळतं) तुमच्या पेपरात आलेला लेख वाचला. चांगला होता, पण त्यात 'समोरच्याच्या डोक्यावर बक्षीस असेल तर थोडं सैल कॉल करा' (म्हणजे कमकुवत पानांवरही त्याच्याइतक्या चिप्स लावा) एवढं सांगून विषय सोडून दिलाय. टेबलावर आठ-नऊ जण आहेत तोवर ते बरोबरच आहे हो, पण दोघंच उरले, म्हणजे हेड्सअप झालं, की ते लागू होत नाही आणि नेमकं तिथेच माझ्यासारखे लोक माती खातात, म्हणून हे पत्र.

प्रोग्रेसिव्ह प्रकारात तुम्ही एखाद्याला उडवलं की त्याच्या डोक्यावरची साधारण अर्धी रक्कम लगेच तुमची, उरलेली अर्धी तुमच्या डोक्यावर चढते. शेवटी जिंकणाऱ्याला स्वतःच्या डोक्यावरचीही मिळते. म्हणजे हेड्सअपला दोन्ही डोकी एकाच माणसाकडे जाणार, मग जास्त रक्कम त्याच्या डोक्यावर आहे की माझ्या, काय फरक पडतो? दुसरं बक्षीस दोघांचं पक्कं झालेलं असतं, त्याच्या वरचं सगळं एकच गठ्ठा, आणि तो मिळायचा चान्स म्हणजे ढोबळमानाने एकूण चिप्समध्ये तुमचा जितका वाटा तितका. तिघं असताना तसं नसतं, एकाला उडवला की रोख हातात येते आणि खेळ चालूच राहतो, म्हणून तिथे किंचित तोट्यातला कॉलही परवडतो.

आता माझा शहाणपणा ऐका. माझ्याकडे 30 हजार चिप्स, समोरच्याकडे 10 हजार, ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायच्या चिप्स) 500-1000, अँटी (त्याशिवायची प्रत्येकाची सक्तीची रक्कम) नाही. त्याने बटणवरून (डीलरच्या जागेवरून) ऑल-इन टाकला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. मी बिग ब्लाइंडला (1000 आधीच लावलेले), हातात इस्पिकची नव्वी आणि चौकटची चव्वी. आणखी 9 हजार टाकून 20 हजारांचा पॉट (मधे जमलेल्या चिप्स), म्हणजे निदान 45 टक्के वेळा जिंकायला हवं, आणि समोर कुठलीही दोन पानं धरली तरी ही नव्वी-चव्वी तिथवर पोचत नाही. फोल्ड केलं असतं (पानं टाकून दिली असती) तर 29 हजार शिल्लक होते. पण डोळ्यापुढे त्याचं डोकं नाचत होतं, केला कॉल! हरलो, दोघं 20-20 हजारांवर आलो, पुढे पंधरा मिनिटांत खेळ खल्लास.

गंमत म्हणजे त्या डावाच्या जरा आधी तो डील (खेळ थांबवून बक्षिसं वाटून घेणं) मागत होता. समजायला सोपे आकडे घेतो: पहिलं बक्षीस 100, दुसरं 70, माझ्या डोक्यावर 20, त्याच्या 30. त्याचं म्हणणं, 70-70 दोघांचे, मधले 30 चिप्सप्रमाणे वाटू आणि आपापलं डोकं आपल्याकडे. ऐकायला अगदी रास्त वाटतं ना? त्यात मला 112.5 आणि त्याला 107.5, तेही माझ्याकडे तिप्पट चिप्स असताना. खरं तर दोन्ही डोकी धरून 80 वाटायला हवेत, मला 60 त्याला 20, म्हणजे 130 आणि 90. मी नाही म्हटलं ते हे गणित करून नाही बरं का, नुसत्या माजात. शेवटी तो 150 घेऊन गेला, मी 70.

तेव्हा लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकांना सांगून हेड्सअप आणि डीलवर चार ओळी वेगळ्या टाका, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक