विषय: करवतीचं गार्ड तारेने बांधून वापरा, असं तुमच्या माणसाने सांगितल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या सर्व्हिस सेंटरला केलेला फोन चौथा होता. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

१८५ मिमी पात्याची पत्रा कापायची सर्क्युलर सॉ मी फेब्रुवारीत घेतली. बिल आणि दुरुस्तीची दोन्ही जॉब कार्डं जोडली आहेत. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या शेडांच्या छपरांवर टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे गरम हवा बाहेर काढणारे वाऱ्यावरचे पंखे बसवतो, त्यावरच घर चालतं. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी पत्र्यावरचा जस्ताचा थर जळतो, कापलेली कड लवकर गंजते, आणि खाली गोदामात पुठ्ठा रचलेला असला तर जीव मुठीत धरून काम करावं लागतं. म्हणून जास्त पैसे मोजून तुमची सॉ घेतली.

तिचं पातं झाकणारं खालचं गार्ड परत येत नाही. अर्ध्यावर अडकतं.

पत्र्याच्या मधोमध ६०० मिमीचं होल पाडायचं तर बेसची पुढची कड पत्र्यावर टेकवून, लिव्हरने गार्ड वर धरून, फिरतं पातं सावकाश उतरवावं लागतं. पातं आत शिरलं की लिव्हर सोडायचा. पुढचं काम स्प्रिंगचं. मे महिन्यात अशाच एका होलाची चौथी बाजू संपवून ट्रिगर सोडला, मशीन वर घेतलं आणि गार्ड तिथेच राहिलं. पातं अजून फिरत होतं. ते माझ्या गुडघ्याजवळून गेलेल्या दोराला घासलं. तीन पेडांतला एक पेड तुटून वर उभा राहिला. त्या दोराला माझा पुतण्या बांधलेला होता, आणि खाली पंचवीस फुटांवर सिमेंटची फरशी.

आता आजचा फोन. मी सांगितलं, गार्ड बंद होत नाही. तुमच्या माणसाने विचारलं, कचरा साफ केला का? केला. प्लग काढून, ब्रशने, रोज करतो. कीस अडकलेला नाही, टेबलावर स्वच्छ मशीन धरलं तरी गार्ड अडकतं, हे तुमच्याच मेकॅनिकने जॉब कार्डावर लिहिलंय. तेही वाचून दाखवलं. त्याने फोनवर हात ठेवून शेजारी कुणाला तरी काही विचारलं. मला हसण्याचा आवाज आला. मग म्हणाला, "काका, गार्ड तारथी बांधी दो ने. बधा बांधीने ज चलावे छे." म्हणजे तारेने बांधून टाका, सगळे बांधूनच चालवतात. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं, तारेने बांधू? पातं उघडं ठेवून? तो म्हणाला, हो, कापायची रेघही चांगली दिसते. आणि वर, "तमने चलावता तो आवडे छे ने?" चालवता तर येतं ना तुम्हाला?

बावीस वर्षं मी छपरावर काम करतोय. माझे आजोबा इथल्या कलाभवनात फिटरचं काम शिकले. मला मशीन चालवता येतं का, हे वॉरंटीतल्या मशीनबद्दल फोन केल्यावर तुमच्या माणसाने हसून विचारावं?

तुमच्या माहितीपुस्तिकेत छापलंय की दरवेळी वापरण्याआधी गार्ड लगेच बंद होतं का ते पाहा, होत नसेल तर मशीन वापरू नका, आणि गार्ड कधीही बांधून ठेवू नका. पुस्तिका तुमची, माणूसही तुमचा. उद्या माझ्याऐवजी एखाद्या नवशिक्या पोराने त्याचं ऐकलं आणि बोटं गमावली, तर काय कराल?

दोनदा मशीन आणून दिलं. दोन्ही वेळा तेल घालून परत केलं. स्प्रिंग बदलली नाही. चार फोन केले, तरी बदलली नाही.

पंधरा दिवसांत अख्खी गार्ड असेंब्ली बदलून द्या किंवा मशीन परत घ्या. आणि गार्ड बांधायला कुणालाही सांगू नये, हे सगळ्या सर्व्हिस सेंटरांना लेखी कळवून त्याची प्रत मला पाठवा. नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी मशीन घेणारा कारागीर २०१९ च्या कायद्यात ग्राहकच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही. एवढं मी विचारून ठेवलंय.

तुमच्या कंपनीचं ड्रिल माझ्याकडे अकरा वर्षं चाललं, त्या भरवशावर ही सॉ घेतली होती. पावसाआधी सहा होलं बाकी आहेत, ती पत्र्याच्या कात्रीने हातानेच कापतोय. घाईत कुणी उचलू नये म्हणून सॉ कपाटात कुलपात ठेवली आहे. माणूस पाठवाल तेव्हा त्याला तो दोरही दाखवीन.

तुमचा ग्राहक,
मकरपुरा, बडोदा