वंशावळीची वही वेगळी, विक्रीची वही वेगळी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

यात्रांचा हंगाम आला की आपल्या दैनिकात जनावरांच्या प्रदर्शनांचे फोटो येतात. खरसुंडी असो, पुसेगाव असो, हार घातलेला खिलार वळू, शेजारी फेटा बांधलेला मालक आणि खाली लाखांतला आकडा. त्या प्रदर्शनामागे बहुतेक वेळा एखादा पैदासकार संघ राबत असतो आणि त्या संघाचे एक पावती पुस्तक असते. त्याबद्दल वर्तमानपत्रात कधी काही वाचायला मिळत नाही. आमच्या भागातल्या अशाच एका संघाचे पावती पुस्तक अकरा वर्षे माझ्या हातात होते, म्हणून हे पत्र.

आमचा संघ इतर अनेक संघांसारखाच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला. घटनेत उद्देश स्वच्छ लिहिला होता: खिलार वंश शुद्ध राखणे, वंशावळीची नोंद ठेवणे, पशुपालकांना मार्गदर्शन करणे. सुरुवातीला वर्गणी आणि देणग्या एवढीच जमा होती. मग एका दानशूर सभासदाने वळू दिला. गाय लावायला आणली की सभासदाकडून कमी, बाहेरच्याकडून थोडे जास्त पैसे घेऊ लागलो. प्रदर्शनात पशुखाद्यवाल्यांना आणि औषधवाल्यांना जागा भाड्याने दिल्या. दिनदर्शिकेत जाहिराती घेतल्या. खनिज मिश्रणाची पोती एकगठ्ठा आणून विकली. सभासदांची जनावरे विकून देताना दोन टक्के कापून घेऊ लागलो. यातला एकही पैसा कोणी घरी नेला नाही. सगळा वळूच्या वैरणीला आणि गोठ्याच्या पत्र्यांना गेला. म्हणूनच आम्हाला वाटत राहिले की यावर कसला कर?

आयकर खात्याची नोटीस आली तेव्हा कळले की आमचे दोन समज मुळातच चुकीचे होते. पहिला, शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणजे जनावरांचेही करमुक्त. तसे नाही. आयकर कायद्याच्या नजरेत शेतीचे उत्पन्न जमिनीच्या मशागतीतून येते. दूध, पैदास, जनावरांची विक्री त्यात मोडत नाही. दुसरा समज असा की सभासदांनीच सभासदांना दिलेले पैसे हे घरातल्या घरातले. वर्गणीपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण व्यापारी, व्यावसायिक किंवा तत्सम संघाने सभासदांसाठी ठरावीक सेवा देऊन मिळवलेले उत्पन्न कायदा धंद्याचे उत्पन्न मानतो.

करसवलत मिळते ती धर्मादाय उद्देशाच्या संस्थेला, आणि खरी मेख त्या उद्देशाच्या व्याख्येत आहे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरणाचे रक्षण अशी काही कामे कायद्याने नावानिशी सांगितली आहेत. त्यांत न बसणारे लोकोपयोगी काम सर्वसाधारण लोकोपयोगाच्या खात्यात जाते आणि पैदासकार संघ बहुधा तिथेच येऊन पडतात. या खात्यावर २००८ च्या वित्त कायद्याने अट घातली: व्यापार केला तर सवलत नाही. पुढे व्यापारातून येणाऱ्या जमेला मर्यादेपर्यंत सूट मिळाली, ती ओलांडली की त्या वर्षाची सवलत जाते. आधी १० लाखांची आणि नंतर २५ लाखांची मर्यादा होती. २०१५ च्या वित्त कायद्यापासून ती एकूण जमेच्या २० टक्के झाली. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यातही २० टक्केच आहे.

या २० टक्क्यांत एक गोष्ट लपलेली आहे आणि ती मला नोटीस येईपर्यंत दिसली नाही. समजा, संघाला एका वर्षी ३४ लाख देणग्या आणि वर्गणी मिळाली आणि विक्री-भाडे-दलालीचे ८ लाख आले. एकूण जमा ४२ लाख, धंद्याचा वाटा १९ टक्के, संघ सुरक्षित. पुढच्या वर्षी पाऊस दडी मारतो. लोक जनावरे छावणीला नेतात, देणगी कोण देणार? देणग्या २६ लाखांवर येतात. विक्री तेवढीच, ८ लाख. एकूण ३४ लाख आणि धंद्याचा वाटा साडेतेवीस टक्के. संघाने व्यापार एका रुपयाने वाढवलेला नाही, तरी त्या वर्षापुरती सवलत गेली. खर्चाची वजावट मिळते, पण भांडवली खर्चाची मिळत नाही. म्हणजे त्याच वर्षी नवा गोठा बांधला असेल, तर गोठ्यात घातलेल्या पैशावरही कर बसू शकतो. माणदेशातल्या संघाला दुष्काळ असा दोन्ही बाजूंनी मारतो.

न्यायालयांनी या बाबतीत डोळे मिटून घेतलेले नाहीत, हे इथे सांगितले पाहिजे. साबरमती आश्रम गोशाळा ट्रस्टच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये संस्थेच्या बाजूने निकाल दिला. गाईंचा वंश सुधारायचा तर गाई पाळाव्या लागतात, त्या व्यायल्या की दूध येणारच, आणि ते विकले म्हणून संस्थेचा उद्देश व्यापारी होत नाही, असा त्याचा आशय. मला तो वाचून धीर आला होता. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद नगर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात रेघ अधिक ठळक ओढली. खर्चाइतके किंवा त्याहून नाममात्र जास्त पैसे घेतले तर तो व्यापार नव्हे. खर्चापेक्षा लक्षणीय जास्त घेतले तर तो व्यापार, आणि मग २० टक्क्यांची मर्यादा पाळावीच लागेल. वंशावळीचा दाखला खर्चाच्या दराने दिला तर चिंता नाही. प्रदर्शनातली जागा खाद्य कंपनीला चढ्या भावाने दिली तर ती मोजली जाणार.

असला कर म्हणजे सत्कार्यावर घाला, असे आमच्या बैठकीत काही जण म्हणाले. मला ते पटले नाही. अमेरिकेत १९४७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयासाठी म्युलर नावाची शेवया-मॅकरोनी बनवणारी कंपनी विकत घेतली गेली. नफा शिक्षणाला जाणार म्हणून कर नाही. शेजारी तीच मॅकरोनी बनवणारा साधा कारखानदार मात्र कर भरत होता. ओरड झाली आणि १९५० मध्ये तिथे कायदा बदलला: ना-नफा संस्थेने उद्देशाशी संबंध नसलेला धंदा नियमितपणे केला, तर पैसा कुठेही खर्च होवो, नफ्यावर कर. आमच्या गावातही खनिज मिश्रण विकणारे दुकान आहे. तो दुकानदार कर भरतो. संघाने तीच पोती करमुक्त विकून त्याचे गिऱ्हाईक ओढावे, हे मला न्यायाचे वाटत नाही.

अमेरिकेचे आयकर खाते आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत एक उदाहरण देते, ते वाचून मी चपापलो. गोपैदासकारांची स्थिती सुधारणे आणि वंश सुधारणे हा उद्देश असलेला कृषी संघ जर नियमितपणे सभासदांची जनावरे दलालीवर विकत असेल, तर ती दलाली उद्देशाबाहेरच्या धंद्याची, म्हणजे करपात्र. आमचे दोन टक्के ते हेच! सात समुद्रापलीकडच्या पुस्तिकेत आमच्या सांगोल्याच्या बाजारातला व्यवहार जसाच्या तसा.

पण तिथल्या संघांनी दलाली, जाहिराती, मासिके सोडून दिली नाहीत. त्यांनी घरे वेगळी केली. १८८३ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या आणि आज मिसुरीतल्या सेंट जोसेफ येथे कार्यालय असलेल्या अमेरिकन अँगस असोसिएशन या अँगस गोवंशाच्या पैदासकार संघाचे उदाहरण बघावे. वंशावळीची नोंद मूळ संघाकडे. मासिक आणि जाहिरातींसाठी वेगळी कंपनी. आनुवंशिक मूल्यमापनासाठी २००७ मध्ये आणखी एक कंपनी. शिक्षण आणि संशोधनाच्या देणग्यांसाठी वेगळे प्रतिष्ठान. १९७८ पासूनचा मांसाचा ब्रँड तोही वेगळ्या उपकंपनीत. (तो व्यवहार आपल्याकडे कायद्यातही बसत नाही आणि खिलारवाल्यांच्या मनातही, मला फक्त रचना दाखवायची आहे.) तिथे उपकंपनी स्वतः कर भरते आणि उरलेल्या नफ्याचा लाभांश मूळ संघाला देते, त्यावर संघाला पुन्हा कर नसतो. मात्र तोच पैसा व्याज, भाडे किंवा रॉयल्टी म्हणून वर पाठवला तर संघाकडे कर लागतो. कंपनीने आधी ही रक्कम खर्च म्हणून वजा केलेली असते, म्हणून ही पळवाट कायद्यानेच बुजवली आहे.

आपल्याकडे ही वाट अर्ध्यातच अडते. करसवलत घेणाऱ्या विश्वस्त संस्थेने पैसा कुठे गुंतवायचा याची यादी कायद्यात ठरलेली आहे. बँकेतल्या ठेवी, पोस्टाची बचत, सरकारी रोखे वगैरे. स्वतः काढलेल्या खासगी कंपनीचे शेअर त्या यादीत बसत नाहीत. म्हणजे एकीकडे कायदा सांगतो की तुझा धंदा २० टक्क्यांच्या वर नेऊ नकोस, आणि दुसरीकडे तोच धंदा कर भरणाऱ्या कंपनीत हलवायला गेलो तर कंपनीची मालकी संघाला घेता येत नाही. मग संघ काय करतात? विक्रीच्या पावत्या देणगीच्या नावाने फाडतात. हे सर्रास चालते आणि ते सरळ सरळ खोटे आहे. त्यात उद्या तुरुंगाची वेळ आली तर ती गावातल्या एखाद्या भाबड्या खजिनदारावर येणार आहे.

सरकारकडे माझी मागणी एवढीच आहे. जुन्या आयकर नियमांत शेअर बाजारांना स्वतःच्या उपकंपनीत आणि नवउद्योगांना हात देणाऱ्या केंद्रांना त्या नवउद्योगांत शेअर घेण्याची मुभा खास कलमे घालून दिली गेली होती. तशीच एक ओळ देशी वंशाच्या नोंदणीकृत पैदासकार संघांसाठी घालावी: संपूर्ण मालकीची एक उपकंपनी, पूर्ण कर भरणारी, आणि तिचा लाभांश वंशसंवर्धनावरच खर्च करण्याची सक्ती. यात सरकारचे एका पैशाचेही नुकसान नाही, उलट आज देणगीच्या पावतीआड दडलेला व्यवहार उजेडात येऊन त्यावर कर मिळेल. देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, उस्मानाबादी शेळी, माडग्याळ मेंढी, या सगळ्यांच्या संघांना त्याचा उपयोग आहे.

तोवर आम्ही काढलेला मार्ग असा. संघातल्याच काही पशुपालकांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली. कायद्याने दहा उत्पादक पुरतात. खनिज मिश्रण, जाहिराती, प्रदर्शनातल्या जागा, विक्रीची दलाली हे सगळे तिकडे गेले. संघाकडे वळू आणि वंशावळीची वही राहिली. संघ आणि कंपनी यांच्यात लेखी करार आहे आणि कंपनी संघाची जागा वापरते त्याचे बाजारभावाने भाडे देते. ते फुकट ठेवण्याचा आग्रह झाला होता, मी कडाडून विरोध केला. विश्वस्तांचा मोठा हिस्सा असलेल्या कंपनीला संघाची मालमत्ता फुकट वापरू दिली की सवलत तिथेच धोक्यात येते.

आणि करापलीकडचीही एक गोष्ट आहे, तीच मला जास्त महत्त्वाची वाटते. जो दलाली घेतो त्यानेच जनावराची वंशावळ लिहू नये. दोन टक्के मिळत असतील, तर खोंडाच्या आजोबाचे नाव लिहिताना हात थोडा सैल होतो. आमच्याकडे झाले, मी ते पाहिले आहे. एक चुकीची नोंद तीन पिढ्या पुढे जाते आणि मग ती दुरुस्त करायला कुठलाही कर भरून उपयोग नसतो. आता वही लिहिणाऱ्या दोघांपैकी एकालाही कंपनीत पद नाही, असा ठराव आम्ही सर्वसाधारण सभेत केला आहे.

नोटिशीच्या वर्षाचा जमा-खर्च, देणगीच्या नावाने फाडलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती आणि नंतर भरलेल्या कराचे चलन मी जपून ठेवले आहे. कुठल्याही संघाच्या खजिनदाराला ते पाहायचे असेल तर त्याने जरूर यावे. मी स्वतः बसून एकेक पान समजावून देईन.

आपला नम्र,
एका पैदासकार संघाचा माजी खजिनदार,
ता. सांगोला, जि. सोलापूर