किलिमांजारोच्या वाटाड्यादादांस

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. हे पत्र माझा भाचा इंग्रजीत करून तुम्हाला पाठवणारच आहे. तरी मराठीत, सगळ्यांसमोर लिहितेय, कारण इकडून किलिमांजारोला निघणाऱ्यांच्या तोंडी फक्त शिखराचं नाव असतं. नेणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

मी साताऱ्याची भूगोल शिक्षिका. आमचा सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण भेगांतून वाहून थरांवर थर साचलेला. एका मुखाभोवती उंच रचत गेलेला ज्वालामुखी मी फळ्यावर कितीदा काढला असेल. प्रत्यक्ष समजला तो तुमच्यामुळे. शिरा पठारावर बाकीचे तंबूत शिरले, तेव्हा थंडीत माझ्यासाठी थांबलात. किलिमांजारो तीन ज्वालामुखींचा मिळून बनलेला. पायाखालचा शिरा सर्वांत जुना, खचून सपाट झालेला. समोरचा किबो सर्वांत तरुण. तिसरा मावेन्झी त्याच्याआड होता; बराफूच्या तळावर पोचताच त्याचे झिजलेले सुळके आठवणीने दाखवलेत.

वाटेत एका करड्या दगडावर तुम्ही बाटलीतलं पाणी ओतलंत आणि त्यातले फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक शंकरपाळ्यांसारखे उठून दिसले! राष्ट्रीय उद्यानातून दगड न्यायचा नसतो, म्हणून फोटो नीट यावा यासाठी तुम्ही टोपीची सावली धरलीत. तो फोटो आता आमच्या वर्गात लावलाय.

पण खरे आभार बराफूच्या त्या संध्याकाळचे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून ४६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवून त्याच दिवशी बारांकोच्या तळावर, चार हजारांच्या खाली झोपायला नेलंत, तेव्हापासून तुम्ही प्रत्येकाच्या डोकेदुखीवर आणि जेवणावर लक्ष ठेवून होतात. बराफूला माझ्या मैत्रिणीचा तोल जाऊ लागला. ती दमलीय असंच आम्हाला वाटलं. तुम्ही तिला सरळ रेषेत चार पावलं चालायला लावलीत आणि अंधार पडत असतानाही लगेच सहकाऱ्यांबरोबर खाली धाडलंत. ती रडली, भांडली. तुम्ही आवाज चढवला नाहीत आणि निर्णयही बदलला नाहीत. असा तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते, उतरणं हाच पहिला उपाय, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. ती आज ठणठणीत आहे. तिच्या आईने तुम्हाला आशीर्वाद कळवलेत.

५८९५ मीटरवरच्या उहुरू शिखराबद्दल फार लिहीत नाही. डावीकडच्या हिमनद्यांकडे हात करून, तुम्ही पहिल्यांदा ओझं घेऊन आलात तेव्हा बर्फ कुठवर होतं ते दाखवलंत, ते मात्र मनातून जात नाही. १९१२ पासून इथलं ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेलंय, हे मी नुसतं वाचलं होतं.

१८८९च्या पहिल्या यशस्वी चढाईचे म्हणून आमच्याकडे हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर शिकवतात. डोंगरपायथ्याच्या मारंगू गावच्या योहानी किन्याला लाउवो या, तिथल्या चागा समाजातल्या वाटाड्याचं नाव तुमच्याकडून कळलं. यंदापासून तेही मुलांना सांगतेय.

स्वयंपाकीदादांना, आणि आमची ओझी वाहून आमच्याआधी तळावर पोचणाऱ्या सगळ्या भावांना नमस्कार सांगा. असान्ते साना, तुमच्या स्वाहिलीत खूप खूप आभार!

आपली कृतज्ञ,
साताऱ्याची बाई