'अपडेट झालं का?' एवढं विचारून भागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी सापडल्याची बातमी छापून आली की त्याच सकाळी आमच्या विभागात वरिष्ठांचा फोन येतो, "पेपरात आलंय ते आपल्याकडे अपडेट झालं ना?" नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणारी यंत्रणा मी गेली ११ वर्षे सांभाळते आहे. या प्रश्नाला एकदा मी "हो, झालं" असं सांगितलं आणि ते खरं नव्हतं. त्याची बोच अजून आहे, म्हणून हे पत्र.

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. लॉगफोरजे या जावामधल्या नोंदी ठेवणाऱ्या घटकातली त्रुटी जगजाहीर झाली होती. सर्व्हरकडे पाठवलेल्या मजकुरात डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि पुढे 'जेएनडीआय' व हल्लेखोराच्या सर्व्हरचा पत्ता एवढं लिहिलं, आणि सर्व्हरने ते आपल्या नोंदवहीत उतरवून घेतलं, की हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळत होती. दुरुस्त आवृत्ती आली होती. पण हा घटक कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या पोटात दडलाय हे शोधून ती बसवायला दिवस लागणार होते. तोवर निदान हल्ला दिसावा, यासाठी सुरिकाटा आणि स्नॉर्टसारख्या घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणांचे नवे नियम असतात. ये-जा करणाऱ्या मजकुरात काय शोधायचं, ते नियम सांगतो. नियम नसेल तर हल्ला समोरून निघून जातो आणि साधा इशाराही येत नाही.

सोमवारी, १३ तारखेला फोन आला. मी नियमांची फाइल पाहिली, तिच्यावर त्याच पहाटेची तारीख होती. "झालं" म्हणून सांगून टाकलं. दुपारी एका सहकाऱ्याने चाचणीच्या मशीनवर ब्राउझरच्या नावाच्या जागी तोच मजकूर भरून एक विनंती पाठवली. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. काहीच उमटलं नाही. पुन्हा पाठवली, तरी नाही.

कारण अगदी साधं होतं. रात्रीचं काम नवे नियम उतरवून फाइलमध्ये ठेवत होतं, पण चालू असलेली यंत्रणा सुरू होताना वाचलेले नियमच मेमरीत धरून बसते. ते पुन्हा वाचायला सांगणारी आज्ञा त्या कामात कुणी घातलीच नव्हती. आमची यंत्रणा २० नोव्हेंबरला सुरू झाली होती. फाइल आजची, पहारा २३ दिवसांपूर्वीचा! ती एक आज्ञा दिली आणि तिसऱ्या विनंतीला इशारा आला. त्याच संध्याकाळी आणखी एक उणीव सापडली: नव्याने जोडलेल्या काही सर्व्हरचे पत्ते 'आपलं नेटवर्क' म्हणून यादीत नव्हतेच, त्यामुळे त्यांच्या बाबतीत बरेच नियम लागूच होत नव्हते.

नियम एकदा आला म्हणजे संपलं, असंही नसतं. त्याच आठवड्यात हल्लेखोर 'जेएनडीआय' सलग लिहीनासे झाले. आत आणखी एक कंस, त्यात 'लोअर' आणि त्यापुढे एकच अक्षर, असं तुकड्यातुकड्यांनी लिहू लागले. लॉगफोरजे ते तुकडे स्वतःच जोडून घेतं. सलग अक्षरं शोधणाऱ्या नियमाला मात्र काही दिसत नाही. म्हणून नियमांच्या सुधारित आवृत्त्या एकामागून एक येत राहिल्या. शुक्रवारी घेतलेल्या नियमावर पुढच्या शुक्रवारपर्यंत विसंबणं धोक्याचं होतं. शिवाय स्नॉर्टसाठी सिस्को कंपनीचा टालोस हा गट बनवतो ते नियम फुकट नोंदणी करणाऱ्यांना पैसे भरणाऱ्यांपेक्षा ३० दिवस उशिरा मिळतात, हे खर्चाला मंजुरी देणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं? मजकूर एन्क्रिप्ट होऊन येत असेल आणि तो मध्ये कुठे उलगडला जात नसेल, तर उत्तम नियमालाही आतलं वाचता येत नाही. म्हणजे दुरुस्ती बसवण्यापासून सुटका नाहीच.

संस्थांच्या प्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे की "अपडेट झालं का?" असं विचारू नका, "चाचणीचा इशारा दाखवा" म्हणा. आणि तो दाखवण्यासाठी लागणारे दोन तास एखाद्या माणसाच्या कामात धरा. आज ते कुणाच्याच कामात धरलेले नसतात. यंत्र घेतलं, म्हणजे ते आपलं आपण चालतं असा समज आहे.

आपल्यालाही एक विनंती. अशा बातमीत त्रुटीचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे प्रत्येक जाहीर त्रुटीला मिळणारा ओळख क्रमांक, आवर्जून छापावा. लॉगफोरजेच्या त्या त्रुटीचा होता २०२१-४४२२८. नियमांमध्ये हाच क्रमांक संदर्भ म्हणून दिलेला असतो. नुसतं "एका लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये मोठी त्रुटी" एवढंच हातात असलं की हजारो नियमांमधून नेमका कोणता बघायचा, इथूनच आमची शोधाशोध सुरू होते. क्रमांक असेल तर फोन खाली ठेवायच्या आत नियम सापडतो आणि चाचणी लगेच सुरू करता येते.

आपली नियमित वाचक,
नेटवर्क सुरक्षा विभागातील एक कर्मचारी