तेल नव्हतं, तरी युद्ध झालं

संपादक महोदय,

महासत्ता परदेशात युद्धाला का उतरतात, यावर आपल्या पानावर चाललेली चर्चा वाचतो आहे. बहुतेक पत्रलेखकांचं उत्तर ठरलेलं आहे : तेल, नाहीतर शस्त्रांचे कारखानदार. पण १९६० च्या दशकात अमेरिका कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामविरुद्ध, दक्षिण व्हिएतनामच्या बाजूने युद्धात उतरली ती काही तेलासाठी नव्हे. मग ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसं कशापायी मेली?

याचं उत्तर खुद्द अमेरिकेच्या दप्तरात सापडतं. मार्च १९६५ मध्ये संरक्षण खात्यातले एक वरिष्ठ अधिकारी जॉन मॅकनॉटन यांनी एका टिपणात युद्धामागचे हेतू चक्क टक्केवारीत मांडले, तलाठ्याने पिकाची आणेवारी काढावी तसे! मानहानीकारक पराभव टाळणं ७० टक्के, दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती जाऊ न देणं २० टक्के, आणि तिथल्या लोकांना अधिक चांगलं, मुक्त आयुष्य मिळावं हा हेतू १० टक्के. भाषणांत मात्र हे शेवटचे दहा टक्केच ऐकवले जात.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना तरी हे युद्ध हवं होतं का? २७ मे १९६४ चं त्यांचं फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित आहे. सुरक्षा सल्लागार बंडी यांना ते सांगतात, की त्या देशासाठी लढण्यात अर्थ दिसत नाही, आणि तिथून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांकडे गेला, तेव्हा ‘चीन घालवला’ म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना विरोधकांनी किती झोडपलं होतं, ते जॉन्सन यांनी सिनेटमध्ये बसून पाहिलं होतं. आता त्यांना वृद्धांच्या आरोग्य विम्याचे, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे कायदे करून घ्यायचे होते. व्हिएतनाम हातचं गेलं तर आपलं राजकीय वजनही जाईल आणि हे सगळं बुडेल, ही धास्ती. २८ जुलै १९६५ ला त्यांनी सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या दहा दिवसांत या दोन्ही कायद्यांवर सह्याही केल्या.

त्याच जुलैतल्या एका बैठकीत परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल माघारीचा आग्रह धरून बसले होते. आपण कागदी वाघ ठरणार नाही का, तीन अध्यक्षांनी दक्षिण व्हिएतनामला दिलेला शब्द मोडल्यासारखं होणार नाही का, असं जॉन्सन यांनी विचारलं. बॉल म्हणाले, जगातली सर्वांत बलाढ्य सत्ता मूठभर गनिमांना हरवू शकत नाही, असं दिसणं त्याहून वाईट. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पटलं फार थोड्यांना.

टोंकिनच्या आखाताचं प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. उत्तर व्हिएतनामने तिथे अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला केला, असं सांगितलं गेलं. २ ऑगस्ट १९६४ चा हल्ला खरा होता, ४ ऑगस्टचा झालाच नाही. नौकेवरच्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी शंका कळवली होती. पण तीन दिवसांत अध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव अमेरिकी संसदेत मंजूर झाला. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. निमित्त खोटं निघालं यावर आपण फार बोलतो. मला ते दुय्यम वाटतं. ज्याला माघारीची लाज वाटते त्याला निमित्त आज नाही तर उद्या मिळतंच.

आणि ही लाज मतदार काय करतील या भीतीतून येत होती, ती भीतीही अगदीच पोकळ नव्हती. त्या ठरावाविरोधात मत देणारे दोघेही सिनेटर, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग, १९६८ मध्ये पडले. ग्रूनिंग यांना तर पक्षांतर्गत निवडणुकीतच माइक ग्रॅव्हेल यांनी हरवलं. पुढे १९७१ मध्ये पेंटागॉनची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची, या युद्धाविषयीची गुप्त कागदपत्रं सिनेटच्या एका उपसमितीत वाचून दाखवत अधिकृत नोंदीत आणणारे तेच हे ग्रॅव्हेल. वर उल्लेख केलेलं मॅकनॉटन यांचं टिपण त्याच कागदपत्रांतलं आहे.

– एक वाचक, मिरज