कोथरूडचा फ्लॅट आणि रेडिंगचं घर

रेडिंग, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. इकडे इंग्लंडला आल्यावर घर घ्यायचं तर दोन, तीन की चार लाख पौंड, कशात काय मिळेल, असं विचारलंस. आमच्याकडे दोन लाखांत एका बेडरूमचा लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावरचा फ्लॅट, तीनच्या आसपास भिंतीला भिंत लागलेलं छोटं टेरेस्ड घर, चारला तीन बेडरूम आणि मागे थोडी बाग. पण आधी सांग, कोथरूडच्या फ्लॅटवर काकांबरोबर तुझंही नाव आहे ना?

इंग्लंडमध्ये स्टँप ड्युटी लावताना तुझं जगात कुठेही घर आहे का, ते बघतात. तुझ्या हिश्श्याची किंमत 40 हजार पौंड भरली, म्हणजे जवळपास 47 लाख रुपये, की पूर्ण किमतीवर 5 टक्के जादा. तीन लाखांचं घर पहिल्यांदाच घेणाऱ्याला ड्युटी शून्य. तुला 20 हजार. दोन लाखांना साडेअकरा हजार, चार लाखांना 30 हजार. वहिनींच्या नावावर घर असलं तरी हेच. आल्या आल्या घेतलंस तर अनिवासी म्हणून आणखी 2 टक्के, मात्र पुढे 183 दिवस इथे राहिलास तर ते परत मागता येतात.

आमचंही यातच अडलं. सॉलिसिटरच्या, म्हणजे घराचे कागद करणाऱ्या वकिलाच्या, फॉर्मवर ‘यापूर्वी घर होतं का’ याला मी ‘नाही’ लिहिलं. सांगलीचं घर माझं, असं कधी मनातच आलं नव्हतं. पण आजोबांनंतर प्रॉपर्टी कार्डावर माझंही नाव लागलेलं. हिस्सा लहान म्हणून 5 टक्के वाचले, पण पहिल्या घराची सवलत गेली. 2 लाख 85 हजारांच्या घरावर 4,250 पौंड भरले. ते खरं तर बॉयलरसाठी ठेवले होते.

फ्लॅट बघशील तेव्हा लीजची किती वर्षं उरलीत, हे पहिलं विचार. 80च्या खाली गेली की मुदत वाढवणं फार महाग पडतं, बँकाही का-कू करतात. वर सर्व्हिस चार्ज दरवर्षी. आणि जुन्या घरात कपाट पुढे ओढून बघच. आम्ही एका घरात ओढलं, तर मागे जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत काळी, ओलीगार. बोट लावलं तर प्लास्टर हातात आलं. बाहेरून तेच घर नुकतंच रंगवलेलं होतं.

माझं मत विचारशील तर कराच्या भीतीने कोथरूडचा फ्लॅट विकू नकोस. काकांनी तो निवृत्तीच्या पैशातून घेतला, त्यांना तिथून हलवायला नको. नाव काढलंस तर 5 टक्के टळतील, पण पहिल्या घराची सवलत काही परत मिळणार नाही. वर्षभर भाड्याने राहा, शाळा बघा, मग दोन लाखांत अडकण्यापेक्षा तीनच्या घराचा विचार कर, आणि ते 20 हजार पहिल्या दिवसापासून बाजूला धर.

इंडेक्स टूची, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत तेवढी पाठव. तुझा हिस्सा किती लिहिलाय ते बघतो आणि आमच्या सॉलिसिटरला विचारून कळवतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
नितीन