मंजूला पत्र : पाळणाघरातला डबा आणि धिंगाणा

प्रिय मंजू,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला आणि ठरवलं की फोन नको, लिहूनच पाठवते, कारण फोनवर आपण दोघी शेवटी सासूबाईंवरच घसरतो. बडोद्याला पाळणाघर काढतेयस, झकास! आमच्या इंदूरच्या पाळणाघराचा मेनू आणि टाइमटेबल पाठव म्हणालीस, पाठवते, पण खरं सांगू का, मेनू सोपा आहे गं, अवघड आहे ते मोठ्या माणसांना गप्प बसवणं.

म्हणजे बघ, मूल जेवायला बसलं की आपल्या पाळणाघरातल्या मावशा लगेच एक घास काऊचा, एक घास चिऊचा सुरू करतात, मग संपव नाहीतर पोलीसकाका येतील, मग संपवलंस तर चॉकलेट. आता चॉकलेट बक्षीस झालं की भाजी आपोआप शिक्षा झाली ना! एलिन सॅटर म्हणून अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आहेत, त्यांचा हिशेब मला फार पटतो. काय द्यायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. आमच्या मावशांना हे पचायला वेळ लागला, उपाशी राहील ना लेकरू, असं म्हणायच्या. पण चार वाजता पुन्हा खाणं असतंच, तेवढ्यात काही होत नाही.

आता इंदूर म्हणजे तुला माहितीये, इथे शेव आणि जीरावणाशिवाय, म्हणजे वरून भुरभुरायच्या मसाल्याशिवाय, पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. आमच्याकडे एक चार वर्षांचा पठ्ठ्या आहे, घरी वरणभातावरसुद्धा शेव. त्याच्या ताटलीत दुधीच्या थालीपिठाचा कोपरा ठेवायचो, बाजूला दही. आधी त्याने तो ढकलला, मग कधीतरी बोटाने दाबला, हुंगला, एकदा चाटून परत ठेवला. कुणी काही बोललं नाही, मावशी शेजारी बसून तेच थालीपीठ खात होत्या. मग एके दिवशी खाल्लं, आणि लगेच और दो ना! नवी चव पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते म्हणतात, आणि आपण दुसऱ्याच दिवशी त्याला आवडत नाही म्हणून मोकळे होतो. मावशींनी सोबत तेच खाणं मात्र मस्ट, स्वतः चहा-खारी आणि मुलांना काकडी, हे चालत नाही, पोरं बरोबर पकडतात.

मेनूत काही जगावेगळं नाही. भाज्या घातलेला उपमा, मूगडाळ खिचडी, नाचणीचं सत्व, पपई, केळं, परमलची (म्हणजे कुरमुऱ्यांची) भेळ. दोन वर्षांखालच्यांना वरून साखर नाही, वर्षाखालच्यांना मध तर अजिबात नाही. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे छोट्यांच्या हाती देऊ नकोस, घशात अडकतात, कूट कर. द्राक्षं उभी चिरून दे. पळता पळता खाणं बंद, हा एकच नियम मी डोळे वटारून पाळायला लावते.

आता धिंगाणा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलंय की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्यांची त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी. घाबरू नकोस, हा पीटीचा तास नाही, पाणी भरलेली बाटली उचलून आणणं, चटया गुंडाळणं, सगळं त्यात येतं. खुर्चीत किंवा स्ट्रॉलरमध्ये सलग तासाच्या वर बांधून ठेवायचं नाही, तान्ह्यांना जागेपणी पोटावर पालथं ठेवायचं, आणि दोन वर्षांखाली स्क्रीन नाहीच. म्हणजे तुझा हॉलमधला टीव्ही काढ गं बाई, आधी तोच काढ! मे महिन्यात बाहेर काढायची सोय नसते, तुमच्याकडेही तेच, मग सकाळी लवकर अंगणात आणि दुपारी हॉलमध्ये तळ्यात-मळ्यात, लंगडी, डोंगराला आग लागली पळा पळा. आमची निम्मी पोरं हिंदीवाली, पण पळा पळा असं काही ओरडतात की शेजारच्या शर्मा आंटी खिडकीत येतात. मावशी खेळात उतरल्या की पोरं दुप्पट पळतात, नुसत्या टाळ्या वाजवत बसल्या तर पाच मिनिटांत सगळं थंड.

पालकांचं काय म्हणशील तर पहिल्याच भेटीत सांगून टाक की डब्यात चिप्स-बिस्किट नको, वाढदिवसाला केकऐवजी फळं किंवा सगळ्यांना मिळून एक चेंडू. एक-दोघी नाक मुरडतील, मुरडू देत. पण रोज संध्याकाळी पोरगं किती जेवलं हे त्यांना सांगत बसू नकोस, काय काय दिलं ते सांग, नाहीतर घरी परत घासांची मोजणी सुरू.

तुझ्या हॉलचा फोटो टाक, मधला तो खांब कुठे येतो ते दिसू दे, त्यावरून लंगडीची जागा ठरवू. आणि फरशी गुळगुळीत असेल तर आधीच सांग.

तुझीच,
सुमी